दुसरं अप्रेझल

आयटीतल्या माणसाला 'अप्रेझल' म्हटलं की एकच आठवतं: मार्च-एप्रिल, मॅनेजर, रेटिंग आणि मग महिनाभर कॅन्टीनमध्ये चालणारी धुसफूस. पण अमेरिकन गृहकर्जाच्या प्रोजेक्टवर गेलात की दुसरं अप्रेझल भेटतं. घराचं. त्यातही एक प्रकार असा आहे की आपलं रेटिंग वगैरे एकदम किरकोळ वाटायला लागतं. हप्ते थकलेल्या माजी सैनिकाच्या घराचं, लिलावाआधीचं अप्रेझल.

थोडी पार्श्वभूमी. 1944 साली रूझवेल्टने 'जीआय बिल'वर सही केली आणि सैनिकांच्या गृहकर्जाला सरकारी हमी मिळाली. कर्ज बँकच देते. माजी सैनिकांचं खातं, म्हणजे 'व्हीए', त्यातल्या काही भागाची हमी घेतं, आजकाल साधारण पंचवीस टक्के. म्हणून बहुतेकांना डाउन पेमेंट लागत नाही. सोय मोठी, पण खाली उशीही नाही. बाजार थोडा पडला की घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त!

हप्ते थकले, तडजोड फसली, की व्हीएच्या यादीतला अप्रेझर येतो. त्याने घर आतून बघायचा प्रयत्न करायचा असतो. पण अशा वेळी दार कोण उघडणार? मग छप्पर, वाढलेलं गवत आणि आसपास विकल्या गेलेल्या घरांच्या किमती यांवर काम भागवायचं. आत नवा ओटा बसवलाय की भिंतीला ओल आलीय, हे रस्त्यावरून दिसत नाही.

आता त्या आकड्याचं पुढे काय होतं बघा. समजा, येणं 2,00,000 डॉलर, हमी 50,000. म्हणजे हमीबाहेरचे 1,50,000. अप्रेझलच्या किमतीतून व्हीए घर घेण्या-विकण्याचा खर्च वजा करतं, समजा 15 टक्के. किंमत 1,90,000 आली तर उरतात 1,61,500. बँक लिलावात घर घेऊन व्हीएच्या गळ्यात घालू शकते. 1,70,000 आली तर उरतात 1,44,500, हमीबाहेरच्या रकमेपेक्षा कमी. मग व्हीए हमीचे पैसे देऊन मोकळं होतं, घर बँकेपाशी. कोडमध्ये ही एक साधी 'इफ' कंडिशन आहे.

या कंडिशनमध्ये सैनिक कुठेच नाही. हिशोब बँक आणि सरकारचा. त्याचं घर दोन्हीकडून जातं, आणि व्हीएला झालेला तोटा भरून दिल्याशिवाय त्याची तेवढी हमी परत मिळत नाही. पुढचं घर घेताना ती आडवी येते.

धोरणंही धरसोडीची. नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएने जप्त्या थांबवायला सांगितलं, ती मुदत 2024 अखेरपर्यंत वाढली. मे 2024 मध्ये थकलेली कर्जं स्वतः विकत घ्यायची योजना आली, मे 2025 मध्ये नव्यांसाठी बंद! जुलै 2025 मध्ये थकबाकी कर्जाच्या शेवटी ढकलायची सोय देणारा कायदा झाला.

मला वाटतं, खरा प्रश्न आकडा कधी कळतो हा आहे. तोच आकडा वेळेवर कळला तर माणूस स्वतः घर विकून उरलेले पैसे घेऊन निघू शकतो. किंमत कमी भरली, तरी व्हीएच्या संमतीने तडजोडीची विक्री करता येते. लिलावाच्या तोंडावर आला की तो फक्त इतरांच्या हिशोबाचा. म्हणून पहिला हप्ता चुकला की फोन उचलायचा, आणि अप्रेझर आला तर दार उघडायचं. लाज वाटते, मान्य. पण बंद दाराची किंमत रस्त्यावरूनच ठरते.