नकाशेवाल्यांकडे जमा

"मावशी, दोन मिनिटं बोलू नकोस." भाच्याचं यान स्थानकात उतरत होतं. 'एलिट डेंजरस' या खेळात अख्खी आकाशगंगा मांडली आहे, 400 अब्ज तारामंडळांची. तिच्यात महिनाभर भटकून तो परतत होता. वाटेत त्याला पृथ्वीसारखा एक ग्रह सापडला होता, निळा, ढगांनी वेढलेला, आजवर एकाही खेळाडूने न पाहिलेला. पण नुसतं पाहून भागत नाही. नोंद घेऊन वस्तीपर्यंत सुखरूप यायचं, नकाशेवाल्यांकडे ती जमा करायची, मगच त्या ग्रहावर पहिला शोधक म्हणून नाव लागतं. वाटेत यान फुटलं तर महिन्याची सगळी कमाई गेली. हा नियम मला फार आवडला. पाहिलेलं परत आणून द्यावं लागतं.

इंधन संपत आलं की तो पुटपुटायचा, "के, जी, बी, एफ, ओ, ए, एम." एवढ्याच वर्गांच्या ताऱ्यांजवळ इंधन भरता येतं. ती अक्षरं कानावर पडली आणि माझं खेळातलं लक्ष उडालं.

अ‍ॅनी जंप कॅनन 1896 मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेत रुजू झाली. तिला जवळजवळ ऐकू येत नसे. आधीच्या वर्गीकरणातली बरीच अक्षरं तिने गाळली, उरलेली तापमानाच्या क्रमाने लावली: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. सगळ्यांत तप्त ओ, सगळ्यांत थंड एम. आपला सूर्य जी. समोर काचेची प्लेट, तिच्यावर लोलकातून पसरलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाच्या इवल्या करड्या पट्ट्या. भिंगातून पाहायचं, अक्षर उच्चारायचं, शेजारची मदतनीस लिहून घ्यायची. हात बसल्यावर मिनिटाला तीन तारे. त्या खोलीचा आवाज मी मनाशी पुष्कळदा ऐकते. ए. ए. के. जी. भाजी निवडणाऱ्या बाईच्या बोटांना असते तशी लय. जिला जग धड ऐकू येत नव्हतं, तिच्या तोंडून आकाश उतरवून घेतलं जात होतं. 1918 ते 1924 या काळात त्या यादीचे नऊ खंड निघाले. तारे 2,25,300.

यादीतल्या प्रत्येक ताऱ्याच्या क्रमांकाआधी एचडी ही अक्षरं लागतात. एचडी म्हणजे हेन्री ड्रेपर, 1882 मध्ये वारलेला न्यूयॉर्कचा डॉक्टर आणि हौशी खगोलवेत्ता. त्याच्या पत्नीने त्याच्या स्मरणार्थ पैसा दिला म्हणून हे काम उभं राहिलं. ते ऋण मोठंच आहे. तरीही मला खुपतं. एकेक तारा निरखला कॅननने, आणि एकाही क्रमांकात तिचं अक्षर नाही. भाच्याच्या खेळात निदान पाहणाऱ्याचं नाव राहतं.

त्याला हे सांगितलं, तर तो माउस सोडून माझ्याकडे वळला. "मग तिने पाहिलेला एखादा तारा दाखव ना, मावशी."

एक आहे. एचडी 86081. 2019 मध्ये त्याला नाव देण्याचा मान भारताला मिळाला. विश्वकिरणांवर काम करणाऱ्या, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पहिल्या महिला संशोधक बिभा चौधुरी यांच्यावरून त्याचं नाव 'बिभा' ठेवलं. त्याच्या ग्रहाचं 'संतमस'. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. फेब्रुवारीतल्या एखाद्या अंधाऱ्या रात्री गच्चीवर जा आणि मघेच्या दक्षिणेला छोटी दुर्बीण लावा.