राक्षसाचे उलटे तळवे

आपल्या गोष्टीतला राक्षस सात समुद्रांपलीकडे राहतो आणि त्याचा प्राण असतो पोपटात. पोपटाची मान मुरगळली की काम झाले! शिकागोजवळच्या आमच्या घरात मात्र तीन महिने राक्षसाचा प्राण आकड्यांत अडकला होता, आणि तो आकडा किती असावा यावरून जेवणाच्या टेबलावर बापलेकीचे रोज वाजत होते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली पात्रे होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. वार बसला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आमच्यापासून दीड तासावरच्या लेक जिनिव्हा या गावातून बाहेर पडला. आमचे हे १९८१ साली विस्कॉन्सिनमध्ये शिकायला आले, तेव्हा वसतिगृहात बर्फाच्या रात्री याच खेळावर निघत. त्यांचा सूत्रधार म्हणजे त्यांचा एक अमेरिकन मित्र. पुढे नोकऱ्या झाल्या, संसार झाले, तरी वर्षातून एकदा ही मंडळी आमच्याकडे जमत आणि मी पोह्यांच्या बशा पुरवीत असे.

दोन वर्षांपूर्वी तो मित्र गेला. त्याच्या पत्नीने एक खोके यांच्या स्वाधीन केले. त्यात फाशांची थैली होती, १९७७ सालचे 'मॉन्स्टर मॅन्युअल' होते आणि त्याच्या हाताने लिहिलेली एक वही. वहीत राक्षसाचा एक डाव मांडलेला होता, कधीच न खेळलेला.

"हा आपण खेळायचा," हे म्हणाले. जुने मित्र आपापल्या मुलांसह यायला तयार झाले. पण मुले खेळतात २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचे नियम, आणि वही जुन्या नियमांची. सूत्रधार होणार आमची लेक. तेव्हा राक्षसाला नव्या नियमांत आणण्याचे कामही तिच्याकडेच आले.

सासूबाईंच्या शेर-पावशेराचे ग्रॅम करावेत, इतके हे सरळ नाही. जुन्या पुस्तकात चिलखताचा आकडा जितका लहान, तितका शत्रूला मारणे अवघड. साध्या कपड्यातल्या माणसाचा १०, राक्षसाचा चक्क उणे ४! २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने हे गणित उलटे केले. आकडा मोठा तो अवघड. म्हणजे २० मधून उणे ४ वजा करून २४. पण पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकात राक्षसाचा आकडा आहे फक्त १६. उलट त्याची जीवनशक्ती पूर्वी सरासरी ३१ भरायची, ती आता ११०. नव्या नियमांत नवख्याचाही वार बसावा, पण बलाढ्य शत्रूने लवकर मरू नये, अशी योजना आहे. त्यामुळे जुने आकडे नुसते उतरवून घेतले, तर मुलांचा वारच बसणार नाही, आणि एकदोन बसले की राक्षस आडवा!

जुन्या पुस्तकातले त्याचे चित्र मी पाहिले आणि मला हसू आवरेना. वाघाचे डोके, तोंडाजवळ चिलीम, अंगात उंची कोट. आमच्या आजीने हा राक्षस ओळखलाच नसता! १९७४ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर 'कोलचॅक' मालिकेच्या एका भागात भारतातला राक्षस दाखवला होता. तो जवळच्या माणसाचे रूप घेऊन येई आणि मंतरलेल्या बाणाने मरे. गायगॅक्सचा राक्षस तिथून आला. म्हणजे हे पहिले रूपांतर नव्हेच. या राक्षसाचे हाताचे तळवे मात्र उलटे असतात.

जुना नियम असा, की क्रॉसबोचा मंतरलेला बाण लागला की राक्षस जागीच ठार. पाचव्या आवृत्तीत सज्जनाच्या हातच्या जादूच्या टोकदार शस्त्राने त्याला फक्त दुप्पट इजा होते.

"बाण लागला की मेला. वहीत तसंच आहे," हे म्हणत.

"बाबा, एवढ्या लांबून माणसं येणार आणि पहिल्याच बाणाला खेळ खलास? बाकीच्यांनी काय करायचं?"

मी पोपटाची बाजू घेतली. पोपट निम्मा कसा मरेल? पण लेकीचेही चूक नव्हते.

वाट सापडली ती वहीतच. मित्राने एक ओळ लिहून ठेवली होती: राक्षस त्यांच्या सर्वांत विश्वासाच्या माणसाच्या रूपात येईल, फक्त तळवे लपणार नाहीत. नाव लिहिलेले नव्हते. मनातले ओळखून आपल्या माणसाचे सोंग घेणे, ही एक गोष्ट मात्र या राक्षसाकडे जुन्या नियमांतही होती आणि पाचव्या आवृत्तीतही आहे. लेकीने नियम केला: सोंगात असताना मंतरलेला बाण लागला तर जागीच ठार, खऱ्या रूपात लागला तर दुप्पट इजा.

"आई, यांचा सगळ्यांचा विश्वास कुणावर होता?" तिने मला हळूच विचारले.

मला विचार करावा लागला नाही. प्रत्येक डावात तो मित्र आवाज बदलून एका म्हाताऱ्या सराईवाल्याचे काम करायचा. "आत या, पण बूट झटकून," हे त्याचे ठरलेले वाक्य. मी सांगून टाकले, आणि रात्री मला झोप येईना. गेलेल्या माणसाच्या आवाजाशी असा खेळ करावा का? सकाळी मी त्याच्या पत्नीला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मीही येते."

खेळाच्या रात्री ती माझ्याशेजारी, टेबलापासून जरा दूर बसली होती. लेकीने आवाज घोगरा केला, "आत या, पण बूट झटकून." जुने मित्र एकदम हसले आणि तसेच थांबले. मग सराईवाल्याने पेला पुढे केला, अंगठा भलत्या बाजूला. यांनी तो पाहिला. बाण यांच्याच पात्राकडे होता, एकच.

"आजोबा, आधी पेला भरा," हे म्हणाले. लेकीने भरला. मग यांनी मित्राच्या थैलीतला फासा टाकला. चौदा पडले, योद्ध्याचे वरचे पाच धरून एकोणीस. १६ लागत होते.

बराच वेळ कुणी बोलले नाही. मुलेसुद्धा नाहीत.

"आता सराई कोण चालवणार?" लेकीने शेवटी विचारले.

"मी," मित्राची पत्नी म्हणाली आणि खुर्ची टेबलाकडे ओढली.