फडकं

आगोट जवळ आली की जिते गावातल्या आमच्या घरात सुक्या मासळीचा वास भरून राही. सुपात जवळा, पाटीत बोंबील. आजी एकेक बोंबील उलटून-पालटून उन्हात बघे आणि मग जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन विरलेलं फडकं त्यावर पसरी. चारी कोपऱ्यांवर खडे ठेवी. मी घाईत एखादा कोपरा उघडा टाकला, तर तिचा आवाज येई, "नीट झाक, बाला. माशी बसली का किडं पडलंच समज."

किडं पडलं. हे क्रियापद माझ्या मनात घर करून राहिलं आहे. मासळीत किडे पडतात, जखमेत अळ्या पडतात. आमच्या भाषेत ते कुणी आणत नाही, कुणी घालत नाही. ते पडतात, दव पडतं तसे. जुन्या शास्त्रांनीही जीवांच्या चार जाती मांडल्या: जरायुज, अंडज, उद्भिज्ज आणि स्वेदज. स्वेदज म्हणजे घामातून, उबेतून, ओलाव्यातून आपोआप उपजणारे. लहानपणी पहिल्या पावसानंतर खाचरांत जीवांची वळवळ सुरू झालेली बघताना मलाही ते खरंच वाटे. चिखलच जिवंत होतो आहे, असं वाटण्याजोगीच ती सकाळ असते.

फ्रान्चेस्को रेदी या इटालियन वैद्याविषयी मी पुष्कळ उशिरा वाचलं, आणि वाचताना आजीचं फडकं डोळ्यांपुढे आलं. रेदीचा जन्म १६२६ साली आरेत्सो गावी झाला. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचा तो राजवैद्य. हा माणूस कवीही होता, शब्दांचा अभ्यासकही. त्या काळी युरोपातही हेच मानत: सडक्या मांसातून माशा उपजतात, विटांमध्ये सब्जाची पानं दाबून ठेवली की विंचू होतात. रेदीने होमरच्या महाकाव्यातला एक प्रसंग मनात ठेवला होता. मेलेल्या मित्राच्या जखमांवर माशा बसतील, अळ्या होतील, या भीतीने अकिलीस व्याकूळ होतो आणि त्याची आई त्या माशा दूर ठेवण्याचं वचन देते. शिकारी आणि खाटीक उन्हाळ्यात मांसावर पांढरं कापड टाकतात, हेही रेदीने पाहिलं होतं. म्हणजे हातांना ठाऊकच होतं. ग्रंथांनी मात्र ते कधी हातांना विचारलं नव्हतं.

मग त्याने साप, नदीतले मासे, वाम आणि वासराचं मांस रुंद तोंडाच्या बरण्यांत ठेवलं. काही बरण्या बंद केल्या, काही उघड्या ठेवल्या. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या, बंद बरण्यांत झाल्या नाहीत. पण कोंडलेल्या हवेमुळेच त्या झाल्या नसतील, असं कुणी म्हटलं तर? म्हणून त्याने पुन्हा मांडणी केली आणि या वेळी बरण्यांच्या तोंडावर झिरझिरीत कापड ताणलं. हवा आत जात होती, वास बाहेर येत होता. त्या वासावर माशा आल्या आणि कापडावरच बसल्या. आतलं मांस नासलं, पण त्यात अळी झाली नाही. माशांची प्रजा वर, कापडावर दिसली. १६६८ साली हे सगळं त्याच्या पुस्तकात छापून आलं. स्वेदजांच्या रांगेतून माशी उठली आणि अंडजांच्या रांगेत जाऊन बसली.

तरी रेदीची नजरही एके ठिकाणी अडली. ओकच्या झाडावर धरणाऱ्या गाठींत किडे सापडत. गाठ बाहेरून अखंड, मग किडा आत शिरला कुठून? झाडाच्या अंगच्या जीवशक्तीनेच तो घडवला असावा, असं त्याने मानलं. अंडी घालणाऱ्या कीटकामुळे ती गाठ धरते, हे पुढे मार्चेल्लो माल्पिघी या शास्त्रज्ञाने दाखवलं. या चुकीमुळे रेदी मला अधिकच जवळचा वाटतो. रायवळ आंबा कापावा, साल निखळ, गर निखळ, आणि कोय फोडली की आत काळा भुंगा! फळ कोवळं असताना भुंग्याने सालीवर अंडं घातलेलं असतं, ती जखम फळासोबत भरून येते. भरलेली जखम ओळखायला फार सावकाश बघावं लागतं.

रेदीने त्याआधी, १६६४ साली, सापाच्या विषावर लिहिलं होतं. विष पित्तात असतं हा समज त्याने खोडला. ते दातांपाशी असतं आणि रक्तात उतरलं तरच घात करतं, हे दाखवलं. ट्युनिसहून आलेले विंचूही त्याने न्याहाळले. फुरशाच्या आणि विंचवाच्या मुलखात वाढलेल्या मला त्या पानांवर थांबावंच लागलं.

कारण आमच्या दारावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा रस्त्याने खाली गेलं की महाड लागतं. त्या तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं तिथे येत आणि दगावत. डॉक्टर त्यांच्या उशाशी बसले. वांती, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, मग पाण्याने भरत जाणारी फुप्फुसं, हा क्रम त्यांनी जागून टिपला. १९८२ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध त्यांनी वापरलं, आणि शंभरांत तीस-चाळीस मृत्यू होत तिथे एखादाच होऊ लागला. फ्लॉरेन्सचा दरबार कुठे आणि बिरवाडीची ती खाट कुठे! पण ऐकलेल्यावर न विसंबता जिवाशेजारी बसून राहणं, हे दोघांचं एकच व्रत होतं.

आमच्या शेजारी हमरापूर-जोह्याला गणपतींचे कारखाने आहेत. रंग पुरे होतात, दागिने उठतात, तरी मूर्ती मुकीच वाटते. मग आखणीचा कारागीर समोर बसतो, श्वास रोखून बारीक कुंचल्याने डोळे रेखतो, आणि कारखान्यातली सगळी माणसं नकळत हळू बोलू लागतात. बघण्याचा एवढा मान ठेवणारा माझा मुलूख आहे, याचा मला आनंद वाटतो.

आजी गेली. मे महिन्यात मी बोंबील वाळवते तेव्हा फडकं तिच्याच पातळाचं असतं. यंदा कोपऱ्यांवर खडे ठेवून मी आत गेले नाही, तिथेच उकिडवी बसले. एक निळी-हिरवी माशी आली. फडक्यावर उतरली. पुढचे पाय एकमेकांवर घासून इकडून तिकडे फिरली, एका विरलेल्या जागी थबकली. खाली मासळी होती, वर ती होती आणि मध्ये आजीच्या पातळाचा एवढासा धागा.

मी तो विरलेला भाग दुमडून घेतला.