जरा थकलाय, एवढंच

कागदोपत्री आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या पिढीच्या तोंडी नगरच बसलंय. ‘नगरला चाललो’ म्हणजे कोर्टात, मोठ्या दवाखान्यात नाहीतर शिकायला. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुण्याहून निघाली ती आमच्या नगरला, हे आम्ही पाहुण्यांना न विचारता सांगतो. पण खरं सांगायचं तर एसटी आम्हाला आठवते ती डब्यासाठी. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, पारनेर, सगळीकडून सकाळच्या गाडीनं शिकणाऱ्या पोरांचे डबे निघायचे. डब्यावर फडकं, फडक्याला गाठ, गाठीत नावाची चिठ्ठी. आत बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि सणावाराला पुरणपोळी. स्टँडवर पोरं वाट बघत उभी असायची. कधी डब्यात वडलांची चार ओळींची चिठ्ठी यायची : ‘अभ्यास कर. पैसे जपून वापर. घरची काळजी करू नको.’ ही शेवटची ओळ वाचली की काळजी सुरू व्हायची.

काळजी काय, घरोघर होतीच. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आया खडी फोडायला गेल्या. सुकडी खाल्ली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या. दसरा झाला की अर्धं गाव कोयते घेऊन कारखान्याला जायचं आणि मागं उरायच्या म्हाताऱ्या आणि पोरं. घोर कुणाला नव्हता? पण घोर लावून घ्यायलाही सोबत असायची. वाकळ शिवायला चौघी बसत. शेवया वळायला, शेंगा फोडायला, पापड लाटायला आळीतल्या सगळ्या. काम करता करता एकजण डोळे पुसून घ्यायची, दुसरी तिच्या सासूची नक्कल करून तिला हसवायची, तिसरी चुलीवर चहा ठेवायची. गडीमाणसं पारावर. तिथं बोलणं पावसाचं आणि सोसायटीच्या कर्जाचं, पण कोण दोन दिवस पाराकडं फिरकला नाही याची नोंद बरोबर व्हायची. तिसऱ्या दिवशी कुणीतरी तंबाखू मागायच्या निमित्तानं त्याच्या दारात हजर.

आणि घरचे उपाय तर काय, प्रत्येक दुखण्याला तयार. झोप येत नाही? काशाची वाटी घ्या, तळपायाला तूप घासा. छातीत धडधडतंय? वात झालाय, ओवा चाव. पोरगं दचकून उठतंय? दृष्ट लागली, मीठ-मोहरी उतरवा. अभ्यासात लक्ष नाही? डोक्याला ब्राह्मी तेल. पेपरच्या आदल्या रात्री हातपाय गार पडतात? हॉल तिकीट देवापुढं ठेव आणि सकाळी दही-साखर खाऊन जा. पोरगा कुणाशी बोलत नाही, तासन्‌तास भिंतीकडं बघतो? लग्न करून द्या, सुधारेल. या शेवटच्या उपायानं किती पोरींचं वाटोळं झालं, ते त्या पोरींनाच माहीत.

आठवून बघा, प्रत्येक घरात एक असायचंच. एक चुलते होते, ते बाजाराच्या दिवशी दार लावून बसत. एक आत्या होती, ती रात्रीतून सात वेळा उठून कडी बघायची. एक मावशी बाळंतपणानंतर बाळाकडं बघेनाशी झाली. एक मामा हुशार, वर्गात पहिला, नगरला शिकायला गेला आणि वर्षाच्या आत वळकटी घेऊन परत आला. कुणी विचारलं की घरातून ठरलेलं उत्तर : ‘काही नाही, जरा थकलाय, एवढंच.’ चुलते थकलेले, आत्या थकलेली, मावशी थकलेली. मामा तर पुढं तीस वर्षं थकलेलेच होते.

तशी आमची घरं काही टाकून देणारी नव्हती. पितळी भांड्यांना कल्हईवाला, गादीला पिंजारी, चपलेला चांभार, घड्याळाला कापडबाजारातला घड्याळजी, छत्रीच्या काडीलासुद्धा माणूस होता. फाटलेल्या लुगड्याची वाकळ, वाकळीचं पोतेरं. नीट करण्याजोगं जे जे होतं, ते कुठं न्यायचं हे आम्हाला पाठ होतं. मन बिघडलं तर मात्र आजी, नाहीतर देवऋषी. आजीपाशी माया होती, देवऋषीपाशी अंगारा. औषध दोघांपाशी नव्हतं. ‘येरवड्याला’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, ‘न्यायला लागेल’ हे वाक्य तर भांडणात शिवी म्हणून वापरायचं. आजाराचं नाव काढलं तर बहिणींची लग्नं अडतील, म्हणून थकव्यावर भागवायचं.

बदल कॉलेजच्या पोरांनी आणला, असं म्हणायला हरकत नाही. राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ला, गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. शर्टावर कोणार्कच्या रथचक्राचा बिल्ला लावून तिच्या शिबिराला आम्हीही सात दिवस कुठल्यातरी गावच्या शाळेत मुक्काम ठोकला आहे. पहाटे प्रभातफेरी, मग शोषखड्डे, दुपारी व्याख्यान (म्हणजे डुलकी), रात्री पारावर पथनाट्य. विषय ठरलेले : हुंडा, दारू, साक्षरता, कुटुंब नियोजन. दारुड्याची भूमिका करायला भांडण लागायचं. सुनेची करायला कुणी तयार नसायचं.

आता शिबिराला आमची नातवंडं जातात. बिल्ला तोच, डफ तोच, पार तोच. विषय मात्र आम्हाला झोपायला लावणारा नाही. परीक्षेच्या धसक्यानं थरथरणारी पोरगी. कर्जाचा कागद उशाशी घेऊन जागा असलेला बाप. बाळंतपणानंतर हरवलेली सून. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, पोरं फलक घेऊन फेरी काढतात आणि चारचौघांत म्हणतात की छातीत धडधडणं हे दर वेळी वातानं नसतं. काळजी सगळ्यांनाच असते, पण तिनं झोप, जेवण, काम, शाळा बंद पाडली आणि आठवडे उलटले तरी ती हटली नाही, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. मागं बसलेल्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून ऐकतात. प्रत्येकीला आपापली मावशी आठवत असते.

पोरांचं कोण ऐकणार, असं म्हणू नका. आपल्याच जिल्ह्यात हे एकदा होऊन गेलंय. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी गावागावातल्या साध्या, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं आणि बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंतची भीती त्या बायांनी घटवली. डॉक्टरांचं ऐकलं नसतं ते गावानं शेजारणीचं ऐकलं, कारण ती आपलीच होती. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जे शेजारणीला जमलं ते नातीला का जमणार नाही? शिवाय हे दुखणं तिच्याच वयाचं आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की निम्मे मानसिक त्रास वयाच्या १८ वर्षांआधीच सुरू होतात.

आणि लपवालपवीचं मोल बघायचं असेल तर शिंगवे नाईकला ‘माऊली’त जाऊन या. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या मनोरुग्ण बायांसाठी ते घर उभं केलं. त्या बायाही कुठल्यातरी घरातूनच निघाल्या असणार. कधीतरी कुणीतरी त्यांच्याविषयीही म्हटलं असेल, ‘जरा थकलीय, एवढंच.’

आता सोयीही आमच्या वेळेसारख्या नाहीत. २०१७च्या कायद्यानं सरकारी मदतीतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क केला. १० ऑक्टोबर २०२२पासून ‘टेलि-मानस’ सुरू झालं. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही फुकट बोलता येतं, मराठीत बोलता येतं आणि नाव सांगायची सक्ती नाही.

तेव्हा वाकळीभोवतीचा चौघींचा बैठा गोल राहू द्या. पाराकडं न फिरकलेल्याच्या दारात तंबाखू मागायला जाणंही राहू द्या, तेवढं कुठल्या गोळीत मिळत नाही. मात्र थकव्याचं ते ठरलेलं उत्तर आता बंद करा. यंदाच्या हिवाळ्यात तुमच्या गावात शिबिर आलं, रात्री डफ वाजला, तर मालिका बंद करून पारावर जा, पोरांसाठी टाळ्या वाजवा, चहा पाजा. आणि घरी आल्यावर नातीनं विचारलं, ‘आजी, तुला झोप लागते का गं?’, तर तिला खरं काय ते सांगा.