आईचा खोकला

सिगारेट सोडून यंदाच्या चवथीला तीन वर्षे झाली. त्या वर्षी घुमट आरतीत दुसऱ्याच आरतीला माझा दम तुटला. पोरे हसली आणि मी लाजेने सोडली. त्याआधी वीस वर्षे, रोज दहा. आमच्या राज्यात सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी घालणारा कायदा १९९७ सालचा. 'येथे धूम्रपान करू नये' ही कार्यालयातली सूचना मीच टाइप केली, भिंतीवर चिकटवली आणि खाली गाड्यावर जाऊन एक ओढली. असो.

सोडली की सगळे ठीक होईल, असा माझा हिशेब होता. कारकुनाचाच हिशेब तो, थकबाकी भरली की फाइल बंद! पण यंदाही आरतीत स्वर मध्येच सुटला. जिन्यावर थांबावे लागू लागले. बायकोने हट्ट धरला म्हणून डॉक्टरांकडे गेलो.

तिथे नाकाला चिमटा लावून नळीत फुंकायला लावतात. छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोर करून सोडतच राहायचे. 'आणखी, आणखी,' असे तिथली मुलगी ओरडत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे. मग औषधाचा फवारा ओढायला दिला, थोड्या वेळाने पुन्हा तेच. एका दमात सोडलेल्या हवेपैकी निदान सत्तर टक्के पहिल्या सेकंदातच बाहेर पडायला हवी. माझी बासष्ट. आजाराचे नाव सीओपीडी. श्वासनलिका अरुंद होतात, हवा आत अडकते. गेले ते परत येत नाही, इनहेलर मात्र रोज.

मला राग आला. ओढत होतो तेव्हा काही नव्हते, आणि सोडल्यावर हे? कार्यालयातल्या एका ज्येष्ठाने तर निकालच दिला, "सोडली म्हणून जालें तुका." खरे सांगतो, दोन दिवस मलाही ते पटले.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा काढल्या. वयाबरोबर फुफ्फुसांची ताकद सगळ्यांचीच हळूहळू उतरते, ओढणाऱ्यांपैकी अनेकांची भराभर. सोडली की उतार मंदावतो, पण रेघ पुन्हा वर चढत नाही. फ्लेचर आणि पेटो या ब्रिटिश संशोधकांनी १९७७ साली हे मांडले होते. "आजार तेव्हाच होता," डॉक्टर म्हणाले, "सकाळचा खोकला सिगारेटचाच म्हणून तुम्ही मोजला नाही." सकाळचा खोकला! तो तर मी चहासारखा गृहीत धरला होता.

मग त्यांनी विचारले, घरात आणखी कोणी खोकते का? मी नाही म्हणणार होतो, आणि आई आठवली. तिने कधी विडीला हात लावला नाही. पण घरी गॅस येईपर्यंत ओल्या लाकडांची चूल तिनेच फुंकली, दार लावलेल्या रांधपाच्या खोलीत. त्या धुरानेही हाच आजार होतो, हे मला माहीत नव्हते. पहाटे ती खोकते त्याला आम्ही 'आईचा खोकला' म्हणतो, जणू तिच्या आवाजाचाच भाग. आणि सोप्यावर तिच्या शेजारी बसून वीस वर्षे मी ओढत होतो.

गेल्या गुरुवारी तिला घेऊन गेलो. तिने नळी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि मला विचारले, "चुलींत फुंकतात तशेंच न्हय रे?"

मी मान हलवली. तिने पदर सावरला आणि फुंकायला सुरुवात केली.