देव्हाऱ्यातला रुपया

आमच्या सासूबाईंच्या देव्हाऱ्यात एक जुना चांदीचा रुपया आहे. त्यावर शिवाची पिंडी आणि बेलाचं पान. मी त्याला देवाचा टाकच समजत होते. नाणी जमवणारे मामेसासरे दिवाळीला आले नि म्हणाले, "सूनबाई, हा अहिल्याबाईंचा महेश्वरचा रुपया!"

मग काय, सुट्टीत जामखेड तालुक्यातलं चौंडी गाठलं. सीनाकाठचं हे गाव. माणकोजी शिंदे पाटलांची ही लेक १७२५ साली इथे जन्मली आणि मल्हारराव होळकरांची सून झाली. पती, सासरे, मुलगा, एकामागून एक गेले. १७६७ ते १७९५ राज्य बाईंनीच सांभाळलं.

नदीकाठी बसले नि रुपया आठवला. त्यावर फारसीत नाव आहे ते दिल्लीच्या शाहआलम बादशहाचं! तेव्हाची रीतच तशी होती. खूण मात्र ज्याची त्याची. इंदूरच्या रुपयावर सूर्य, तर बाईंच्या महेश्वरला पिंडी आणि बेल. हुकुमांवरही त्या स्वतःचं नाव न घालता 'श्रीशंकर' लिहीत. राज्य देवाचं, आपण फक्त सांभाळणाऱ्या, ही भावना त्या रुपयावरही उमटली आहे.

आणि आपण? वाटी-चमच्यावरसुद्धा नाव घालून घेतो! परतताना जामखेडच्या बाजारात पितळी डबा घेतला. दुकानदारानं विचारलं, "वहिनी, नाव काय घालू?"

क्षणभर थांबले, आणि सासूबाईंचं नाव सांगितलं.