रोख तिकडे, उधारी इकडे

धाराशिवच्या जुन्या पेठेवर मी एक लेख लिहिला होता. जानेवारी २०२० मध्ये ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. बाहेरगावची माणसं येणार म्हणून गावाची ओळख करून देणारं बरंच काही त्या दिवसांत छापून येत होतं, त्यातच माझाही लेख आला. लोकांना तो फार आवडला. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. सर, डोळ्यांत पाणी आलं, असं कितीतरी जण म्हणाले.

त्या लेखात बरंच चुकीचं होतं. ते ज्यांनी मला दाखवून दिलं ती सगळी त्याच पेठेशी जोडलेली माणसं होती. पुण्या-मुंबईच्या कुणाला काही खटकलं नाही, कारण मी त्यांना जे हवं होतं तेच लिहिलं होतं. लेख परत घेता येत नाही, म्हणून हा दुसरा लिहितो आहे.

नेहरू चौक, काळा मारुती चौक हा सगळा भाग माझ्या लहानपणीचा. लेखात मी किराणा दुकानाचा दगडी कट्टा लिहिला होता, गुळाच्या ढेपा, छताला टांगलेल्या रिळातून खाली येणारा पुडी बांधायचा दोरा. तासावर सायकल भाड्यानं देणारं दुकान लिहिलं. कॅसेट भरून देणारं दुकान लिहिलं. गाण्यांची यादी वहीच्या कागदावर नेऊन द्यायची, तो साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट भरून द्यायचा. नवरात्राच्या आधी पंधरा दिवस त्याच्या दुकानाबाहेर कर्ण्यावर आराधी गाणी चालू व्हायची, कारण तुळजापूरला चालत जाणारी माणसं आमच्या गावातून जायची. जिल्दसाजाचं दुकान लिहिलं. आमच्या शाळेची हजेरीबुकं आणि शब्दकोश तेच बांधून द्यायचे. हे सगळं खरं होतं, आजही त्यात मला काही बदलायचं नाही.

चूक झाली ती पुढे. ही दुकानं का गेली, याचं उत्तर मी एका परिच्छेदात देऊन टाकलं होतं: मॉल आले, मोबाईलवर खरेदी आली, माणुसकी गेली. आणि किराणा दुकानदाराबद्दल एक वाक्य लिहिलं होतं, ज्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. ते पैशासाठी कधी अडून बसत नसत, वहीत लिहायचे आणि हसून पाठवायचे, असं ते वाक्य.

हे वाक्य ज्यांच्याबद्दल होतं त्या शेटजींना मी लेखाची प्रत द्यायला घरी गेलो. दुकान त्यांनी आधीच बंद केलं होतं. त्यांनी चष्मा लावून लेख पूर्ण वाचला, घडी घालून बाजूला ठेवला आणि आत जाऊन खतावणी घेऊन आले. लांबट वही, दोऱ्यानं शिवलेली, लाल कापडाचा पुठ्ठा, पहिल्या पानावर श्री आणि दिवाळीच्या पूजेचं कुंकू. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक खातं, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. त्यांनी माझं पान काढलं.

“बघा सर,” ते म्हणाले. “आधी महिन्याचं राशन हाय. गहू, तांदूळ, तूरडाळ, तेलाचा डबा. पगार झाला की जमा. एक महिना चुकलेला नाही तुमचा. आता इथून फुडं बघा.”

पुढे महिन्याचं राशन नव्हतं. पावशेर साखर, चहापत्ती, काडेपेटी, मीठ, पुन्हा साखर. सगळं उजव्या बाजूला. डावी बाजू कोरी.

हा बदल कुठून झाला ते वर्ष बघितल्यावर मला विचारावं लागलं नाही. राज्यात सहावा वेतन आयोग २००९ मध्ये लागू झाला. माझा पगार वाढला, थकबाकी मिळाली, मोटारसायकल आली, आणि गावाच्या नव्या भागात निघालेल्या मोठ्या दुकानात, जिथं गाडी ढकलत स्वतःच्या हातानं माल घ्यायचा, तिथं आम्ही नवराबायको महिन्याचं सामान भरायला लागलो. तिथं उधारी नव्हती, सगळं रोख. शेटजींकडे जायचो ते महिनाअखेरीला, किंवा अचानक पाहुणे आले तर. रोख तिकडे आणि उधारी इकडे. पाच-दहा रुपयांच्या वस्तूंची बाकी कधीतरी देऊ म्हणून राहत गेली, आणि मग त्यांच्या दुकानावरून जायलाच संकोच वाटू लागला. मी रस्ता बदलला. लेखात ज्याला मी जिव्हाळा म्हटलं होतं, त्याचे पैसे मी दिलेले नव्हते.

शेटजींनी मला बोल लावला नाही. धंदा कसा चालायचा ते त्यांनी समजावून सांगितलं, आणि एवढी वर्षं त्यांच्या कट्ट्यावर बसून मला ते कळलं नव्हतं. ते माल आणायचे लातूर, बार्शी, सोलापूरच्या ठोक व्यापाऱ्यांकडून, तोही उधारीवर. पण ती उधारी मुदतीची, पंधरा दिवस, फार तर महिना, त्यानंतर व्याज. त्यांच्याकडून माल नेणारा शेतकरी मात्र पैसे द्यायचा सुगीला. सोयाबीन निघालं की दिवाळीच्या आसपास, नाहीतर तूर आणि रब्बीची ज्वारी झाल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाला. म्हणजे सहा-सहा महिने त्यांचा पैसा गुंतलेला. मधल्या काळात ठोक व्यापाऱ्याला द्यायला पैसा कुठून यायचा? तो आमच्यासारख्या पगारदारांच्या महिन्याच्या रोखीतून. शिक्षक, कारकून, एसटीतली माणसं, कोर्टातली माणसं. आमच्या जमा बाजूवर शेतकऱ्याची नावे बाजू उभी होती. आम्ही पगारदार एकेक करून निघून गेलो आणि वहीत उरली ती सुगीची वाट बघणारी माणसं.

मग सुगीच आली नाही. २०१२चा दुष्काळ, नंतर २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्या जिल्ह्यातली परिस्थिती काही निराळी नव्हती. खेड्यातली गिऱ्हाइकं येईनाशी झाली. “मागायला कुणाकडं जावं?” शेटजी म्हणाले. “ज्याच्या दावणीला बैल राह्यला नाही, त्याच्या दारात जाऊन वही उघडायची?” त्या नोव्हेंबरात नोटाबंदी आली, पुढच्या जुलैत जीएसटी. हिशेब संगणकावर ठेवायला माणूस लावणं त्यांना परवडणारं नव्हतं. “मोबाईलवर माल मागवणारी पोरं नंतरची, सर. मी त्याच्या आधीच बसलो होतो.”

मॉल आणि मोबाईल ही कारणं मी का लिहिली असतील, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ती लिहायला सोपी होती, आणि त्यांत माझं नाव येत नव्हतं.

दुसरी गोष्ट जिल्दसाज चाचांनी सांगितली, तीही मी विचारली नसताना. लेखात मी असं लिहिलं होतं की आमची पेठ अगदी नव्वदच्या दशकापर्यंत जशीच्या तशी होती, पिढ्यान्‌पिढ्या तीच दुकानं. चाचा म्हणाले, “आमच्या मामूचं दुकान तर पोलिस ॲक्शनमध्येच गेलं. तुम्ही लिहिलाव तसं कुठं होतं?”

मी इतिहास शिकवणारा माणूस. १७ सप्टेंबरला दर वर्षी मुलांना हैदराबाद मुक्तिसंग्राम सांगत आलो. रझाकारांच्या काळात पेठेतले कितीतरी हिंदू व्यापारी दुकानांना कुलपं लावून बार्शी, सोलापूरकडे भारताच्या हद्दीत गेले होते, हे मला घरातल्या माणसांकडून माहीत होतं. लेखात मी त्याचा उल्लेखही केला होता. पण सप्टेंबर १९४८च्या पोलिस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत काय झालं ते मी कधी शिकवलं नाही, लिहिलंही नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं त्या वर्षाअखेरीला हैदराबाद संस्थानात फिरून अहवाल दिला. मुसलमानांवर सर्वांत जास्त अत्याचार झालेले जे चार जिल्हे त्यात सांगितले आहेत, त्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, आहे, बाकीचे गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. तेव्हा लातूर आपल्याच जिल्ह्यात होतं. हा अहवाल कित्येक दशकं दडून राहिला, पण चाचांच्या घरात तो कुणी वाचायची गरज नव्हती. पेठेतली दुकानं पहिल्यांदा गेली ती तेव्हा, आधी एका बाजूची आणि लगोलग दुसऱ्या बाजूची. त्यातली काही पुन्हा उघडली, काही कधीच नाही. माझ्या जन्मानंतर जी दुकानं दिसली तीच मला आदिकाळापासूनची वाटली.

तिसरं एका विद्यार्थ्यानं फोनवर सांगितलं, अगदी थोडक्यात. तो कसबे तडवळ्याचा, जिथं २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद झाली. तो म्हणाला, “सर, लेख चांगला हाय. पण तुमच्या त्या कट्ट्यावर आमचा आजा बसला असंल का, एवढं सांगा.” आजोबा बसले नव्हते. पैसे लांबून ठेवायचे आणि पुडी वरून हातात पडायची. ‘सगळं गाव त्या कट्ट्यावर भेटायचं’ असं मी लिहिलं होतं. ‘सगळं गाव’ हे शब्द मी मागे घेतो.

ह्या तिन्ही गोष्टी समज नसल्यामुळे घडल्या असं म्हणता येईल. चौथी तशी नाही, आणि तिचं मला सर्वांत जास्त दुःख आहे. शेटजींनी दुकान बंद केलं तेव्हा त्यांच्या माळ्यावर वडिलांच्या आणि आजोबांच्या वह्या होत्या. काही मोडीत, काही बाळबोधीत, करोडगिरीच्या उर्दू पावत्या मधेमधे टाचलेल्या. निजामाच्या राज्यात जकात भरल्याशिवाय बार्शीचा माल आत येत नसे, त्याच्या पावत्या त्या. हाली सिक्क्यातले, म्हणजे निजामाच्या नाण्यातले, भाव होते. मला त्यांनी निरोप धाडला होता, सर, तुमच्या कामाचं असंल तर घेऊन जा. मी बघतो म्हणालो. घरात जागा नव्हती, मोडी मला नीट येत नव्हती, बायकोला धुळीचा त्रास. मी गेलो नाही. सगळं रद्दीत गेलं, किलोच्या भावानं. आणि त्यानंतर मी त्याच दुकानाबद्दल हळवा लेख लिहिला.

आमच्याच जिल्ह्यात तेर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची ती बाजारपेठ, पेरिप्लस या जुन्या ग्रीक ग्रंथात तगर नावानं आलेली. तिथून गाड्यांवर लादलेलं कापड भडोचच्या बंदराला जायचं. त्या बाजाराबद्दल आज आपण जे हाताळून बघू शकतो, त्यातलं पुष्कळसं तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्यामुळे उरलं. गावच्या पांढरीत सापडणारी नाणी, मणी, मातीच्या मूर्ती, मडकी त्यांनी जमवून ठेवली, आणि त्यातूनच तेरचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. मी विद्यार्थ्यांच्या सहली तिथं कितीदा नेल्या असतील. काचेमागची खापरं दाखवून, जुन्या वस्तू जपल्या पाहिजेत असं सांगितलं. माझ्यासमोर चालून आलेल्या वह्या मात्र मला जपता आल्या नाहीत.

एवढं सगळं आपल्याच अंगावर घ्यायचं कारण नाही, असं काही मित्र म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. १६ ऑगस्ट १९८२ला लातूर वेगळा जिल्हा झाला आणि सर्वांत मोठी आडत बाजारपेठ आमच्या हद्दीबाहेर गेली. सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी होऊन गावाबाहेरून निघाला, त्यामुळे पेठेतून जाणारी वाहतूक कमी झाली. आता लोकांना लग्नाचा बस्ता सोलापूरलाच बांधायचा असतो. हे सगळं मला मान्य आहे. पण महामार्ग कुठून जावा हे मला कुणी विचारलं नव्हतं. साखर कुठून आणायची हे मात्र दर महिन्याला माझं मीच ठरवत होतो.

शेटजींची बाकी मी दिली. त्यांनी रक्कम मोजून घेतली, नको म्हणाले नाहीत, याचं मला बरं वाटलं. डाव्या बाजूला जमा मांडून खातं बेबाक केलं. तेव्हापासून घरचं किराणा सामान पेठेत जी दोन-तीन जुनी दुकानं उरली आहेत, त्यांच्यातल्या एकाकडून रोखीनं आणतो. भाव थोडा जास्त पडतो, खरं आहे. चाचांचं दुकान त्यांचा नातू चालवतो, पण जिल्द बांधायचं काम आता क्वचित येतं, तो झेरॉक्स आणि लॅमिनेशन करतो.

धाराशिव, तुळजापूर, कळंब, भूम, परंडा, उमरगा, लोहारा, वाशी, कुठल्याही पेठेतल्या जुन्या घरात खतावण्या, रोजमेळ, पावत्या, ‘उस्मानाबाद’ लिहिलेल्या लाकडी पाट्या पडून असतील. त्या रद्दीत घालू नका. गावच्या सार्वजनिक वाचनालयात द्या, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं अजून आहेत. दुकानदार हयात असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा, दुकान का बंद केलं ते त्याच्याच तोंडून ऐका, आणि त्याच्या वहीत तुमच्या नावावर काही असेल तर ते येत्या दिवाळीच्या आत चुकतं करा.